चोरखिसा

मे महिना. चोपड्यात पारा पंचेचाळीसला टेकलाय
आणि मी कोटाला लोकरी अस्तर लावतोय.
वारके काका जॉर्जियाला चाललेत.
तिथल्या डोंगरात म्हणे अजून बर्फ आहे.

हात वर करा काका. छाती बेचाळीस.
कमरेत दोन बोटं सैल ठेवतो,
विमानात बसून बसून पोट फुगतं,
अडावदचे मास्तर दुबईहून आले
ते पट्टा गळ्यात अडकवूनच.

खिसा आतून. डाव्या काखेखाली.
बाहेरून दिसला तर तो खिसा नाही, आवतण आहे.
पासपोर्ट आडवा बसेल एवढा, वर चेन,
चेनीवर बटण.
पण सगळ्या नोटा त्यात कोंबू नका,
थोड्या काकूंकडे, थोड्या चष्म्याच्या डबीत,
सगळं बियाणं एकाच वाफ्यात टाकता का तुम्ही?

पासपोर्टवरची तारीख बघितली?
संपायला सहा महिने तरी बाकी हवेत.
धरणगावचं नवं जोडपं मुंबईहून माघारी आलं,
मी शिवलेल्या कोटाची घडीसुद्धा मोडली नव्हती.
मग तोरणमाळला गेले. तिथेही थंडी होतीच, म्हणाले.

बॅग रावसाहेबाच्या केळीच्या काट्यावर मोजा.
तो घडाचं वजन कमी दाखवेल, बॅगेचं नाही.
गोळ्या हातातल्या पिशवीत, डॉक्टरची चिठ्ठी सोबत.
बिबड्या न्या, पण आधी विचारून,
आणि कळण्याच्या पिठाची पुडी बिननावाची नको,
साहेबांच्या कुत्र्याला काय माहीत भाकरी!
कात्री तर मुळीच नाही.
माझी एक, तीस वर्षं चाललेली,
चुकून गिऱ्हाइकाच्या बॅगेत गेली.
विमानतळावरच्या बाईनं ती टोपलीत टाकली,
टोपलीत आधीच एक पितळी अडकित्ता होता.
तो कुणाचा, हे मला अजून रात्री आठवतं.

हॉटेलचा पत्ता तिथल्याच लिपीत लिहून घ्या.
अक्षरं जिलेबीसारखी आहेत, वाचू नका,
नुसता कागद टॅक्सीवाल्यापुढे धरा.

आणि एक दिवस रिकामा सोडा.
रोज तीन किल्ले, दोन चर्च, असं नको.
कापड बेतताना मी कडेला अर्धा इंच जास्त धरतो,
त्याला आम्ही माया म्हणतो.
माया नसली की उसवलेलं परत शिवता येत नाही.
दिवसालाही तेवढी ठेवा.
बाकावर बसा. पावाचा वास घ्या.
फोटो काकूंना काढू द्या.

मी? नाही हो. मी कुठे गेलोय!
लोक परत आले की खिसा उसवायला येतात,
उसवताना बोलतात.
आणि खिशाच्या कोपऱ्यात काहीबाही सापडतं,
ट्रामचं तिकीट, भोकाचं नाणं,
एकदा चिमूटभर वाळू, करडी,
आपल्या तापीच्या वाळूहून बारीक.
ती मी खडूच्या डबीत ठेवलीय.

पासपोर्ट काढलाय मात्र. गेल्या दिवाळीनंतर, जळगावला.
अंगठा उठेना.
साहेबांनी मशीन तीनदा पुसलं,
मी म्हटलं, मशीन चांगलं आहे,
सुईनं आणि खडूनं माझ्याच रेघा खाल्ल्या.
यमुना म्हणते, ‘तठे आपलं कोन शे?’
मी काही बोलत नाही.
तिच्या निळ्या पोलक्याला मात्र
आतून एक खिसा लावून ठेवलाय,
तिला अजून दिसलेला नाही.

शुक्रवारी या, ट्रायल घेऊ.
आणि हे बघा काका,
परत आल्यावर खिसा झटकू नका.
तसाच माझ्याकडे आणा.